मुठीआडचा गंज

जुनी जपानी तलवार प्रथमच हाती घेणाऱ्या माणसाला एक सूचना न चुकता दिली जाते : पात्याला बोट लावू नका. ही सूचना समजण्याजोगी आहे. बोटांचा घाम पोलादाला लागला की काही दिवसांतच तेथे गंजाचा ठसा उमटतो. दुसरी सूचना मात्र कानाला विचित्र वाटते. बांबूची लहानशी खुंटी काढून मूठ उतरवली की पात्याचा जो बोथट, निमुळता शेवट दिसतो, त्यावरचा गंज पुसू नका. उरलेली तलवार आरशासारखी लखलखीत ठेवायची आणि हा वीतभर भाग मात्र शतकानुशतके गंजू द्यायचा, असा हा नियम आहे.

या भागाला जपानीत 'नाकागो' म्हणतात. लोहार आपले नाव, गाव आणि कधी कधी तिथी येथेच छिन्नीने कोरतो. कोरलेल्या अक्षरांच्या खाचांत आणि भोवतालच्या पृष्ठावर गंज सावकाश चढत जातो, तांबडा रंग मागे पडून काळसर तपकिरी होतो, आणि या रंगावरून जाणकार तलवारीचे वय अजमावतात. आम्लात बुडवून आणलेला कृत्रिम गंज अनुभवी डोळ्याला सहसा फसवू शकत नाही. परदेशी गेलेल्या कितीतरी तलवारींचे मूल्य एखाद्या हौशी मालकाने तारेच्या ब्रशने एका दुपारी संपवलेले आहे. त्याला वाटले, आपण साफसफाई केली. प्रत्यक्षात त्याने पुरावा पुसला.

हस्तलिखितांशी परिचय असलेल्या वाचकाला यात ओळखीचे काही दिसेल. नाकागो म्हणजे पोथीची पुष्पिका. कोणी, कोठे, केव्हा हे तेथे सांगितलेले असते, आणि नेमका तोच भाग गहाळ होण्याचा, बदलला जाण्याचा किंवा मागाहून घुसडला जाण्याचा संभव सर्वांत जास्त असतो. नामवंत लोहाराची खोटी सही कोरण्याची प्रथा जपानात फार जुनी आहे; तिला 'गिमेइ' असे नावच आहे. उलट, कामाकुरा काळातल्या घोडेस्वारांच्या लांब तलवारी पुढच्या शतकांत पायदळी लढाईसाठी आखूड करण्यात आल्या, त्या मुठीच्या बाजूने कापून. टोक कापले तर तलवार मरते, म्हणून शेपूट कापायचे. त्यामुळे अस्सल सह्या तुकड्यांबरोबर फेकल्या गेल्या. काही मालकांना हे जिवावर आले, तेव्हा त्यांनी सहीची पट्टी कापून नव्या नाकागोत जडवून घेतली किंवा उलटी दुमडून बसवली. संपादकाने मूळ लेखकाचे नाव तळटीपेत का होईना राखावे, तसा हा प्रकार.

मग बिनसहीची तलवार कोणाची, हे कसे ठरवायचे? येथे होन्आमि घराण्याचा उल्लेख अटळ आहे. क्योतोचे हे घराणे पिढ्यान्‌पिढ्या तलवारींना पाणीदार करणारे शिकलगार आणि पारखी. या घराण्यातला होन्आमि कोएत्सु (१५५८–१६३७) सुलेखनकार आणि कुंभार म्हणूनच जगाला ठाऊक आहे, पण त्याच्या घरचा धंदा हा होता. तलवार तपासून कोणाची ते ठरवायचे आणि तसे दुमडलेल्या कागदावर लिहून द्यायचे. त्या कागदाला म्हणत 'ओरिगामी', म्हणजे दुमडलेला कागद. मुलांच्या हस्तकलेमुळे आपल्याला माहीत झालेला हा शब्द जपानीत 'खात्रीशीर' या अर्थानेही रूढ झाला, तो या प्रमाणपत्रामुळे. सरदारांच्या आपसांतल्या नजराण्यांत अशा तलवारी फिरत, आणि कागदावर सुवर्णमुद्रांत किंमत लिहिलेली असे. ज्या कागदावर प्रतिष्ठा आणि पैसा दोन्ही अवलंबून आहेत, त्यावर किती विश्वास ठेवायचा हा प्रश्न उद्भवतोच.

गो योशिहिरो या लोहाराचे उदाहरण मला मोठे उद्बोधक वाटते. जपानच्या सर्वश्रेष्ठ तीन लोहारांत त्याची गणना होते, आणि त्याची सही असलेली एकही तलवार नाही. भूत आणि गोची तलवार कोणी पाहिलेली नाही, अशा अर्थाची म्हणच तिकडे आहे. म्हणजे जो कर्ता आहे तो पूर्णतः पारख्यांच्या वाचनातून घडलेला आहे. साहित्याच्या इतिहासात आपण असे किती 'गो' बाळगून आहोत, हा विचार ज्याचा त्याने करावा.

पारखीचे शिक्षण आजही ज्या पद्धतीने होते तिला 'कांतेइ' म्हणतात. नाकागो झाकलेल्या तलवारी मांडून ठेवतात. शिकणारा एकेक पाते दिव्याखाली तिरपे धरून पाहतो : वळण कसे आहे, घडीव पोलादाची वीण लाकडाच्या रेषांसारखी की दाणेदार, धारेलगत पाणी दिल्याने उमटलेली पांढरी रेषा सरळ की लाटांची. मग चिठ्ठीवर लोहाराचे नाव लिहून परीक्षकाकडे देतो. नाव अचूक असेल तर 'आतारी', म्हणजे नेम लागला. पण त्याच परंपरेतल्या जवळच्या लोहाराचे नाव लिहिले असेल तर 'दोझेन', म्हणजे बरोबरच्या तोडीचे. ही दुसरी श्रेणी मला विलक्षण शहाणपणाची वाटते. आय. ए. रिचर्ड्‌सने केंब्रिजच्या विद्यार्थ्यांपुढे कवींची नावे काढून कविता ठेवल्या आणि त्यांच्या वाचनाची जी दाणादाण उडाली ती १९२९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्याचा उद्देश नाव विसरून कविता वाचायला शिकवणे हा होता. कांतेइत नाव लपवतात ते वाचनातून पुन्हा नावापर्यंत पोचता यावे म्हणून. दोन्ही पद्धतींत फसगत होते. पण कांतेइत चुकण्यालाही प्रती आहेत.

अठराव्या शतकाच्या आरंभी शोगुन तोकुगावा योशिमुने याच्या आज्ञेवरून होन्आमि घराण्याने देशातल्या विख्यात तलवारींची यादी तयार केली. ती 'क्योहो मेइबुत्सुचो' या नावाने ओळखली जाते. तिच्यात एक विभाग आहे जळून गेलेल्या तलवारींचा. १६१५ साली ओसाकाचा किल्ला पडला तेव्हा आणि १६५७ च्या एदोतल्या भीषण आगीत ज्या गेल्या, त्यांचीही नोंद उरलेल्यांच्या बरोबरीने केलेली आहे. आगीत पोलादाचे पाणी उतरते. तलवारीचा आकार राहतो, गुण जातो. ओसाकाच्या राखेतून काढलेल्या काही पात्यांना यासुत्सुगु या लोहाराने तोकुगावांसाठी पुन्हा पाणी दिले. आता त्या तलवारी मूळ लोहाराच्या म्हणाव्यात की यासुत्सुगुच्या?

असो. आगीपेक्षा मोठी संकटे राजाज्ञांनी आणली. १५८८ साली हिदेयोशीने शेतकऱ्यांच्या तलवारी काढून घेतल्या. कारण दिले ते क्योतोच्या महाबुद्धमंदिरासाठी खिळे हवेत हे. १८७६ साली मेइजी सरकारने तलवार बांधून फिरण्यास बंदी केली आणि सामुराई वर्गाच्या कमरेचा आधारच गेला. लोहार विळे-सुऱ्या बनवू लागले, तलवारी मोडीच्या भावात निघाल्या, आणि बॉस्टनच्या बिगेलोसारख्या संग्राहकांच्या हाती मोठे साठे आले. परंतु आजच्या जतनाची सगळी भाषा ज्या प्रसंगी घडली तो प्रसंग १९४५ चा.

शरणागतीनंतर दोस्त सैन्याने सर्व शस्त्रे जमा करण्याचा हुकूम काढला. शस्त्र म्हणजे शस्त्र. सातशे वर्षांची तलवार आणि कारखान्यात गेल्या वर्षी ठोकलेली लष्करी तलवार यांत हुकूम भेद करत नव्हता. पोलीसठाण्यांत ढीग लागले. काही वितळवल्या गेल्या, काही समुद्रात गेल्या, कितीतरी सैनिकांनी आठवण म्हणून घरी नेल्या. मासामुनेची सर्वश्रेष्ठ कृती म्हणून गाजलेली आणि शोगुनांच्या घराण्यात वारशाने चालत आलेली 'होंजो मासामुने' तोकुगावा इएमासा यांनी त्या डिसेंबरात तोक्योच्या मेजिरो पोलीसठाण्यात नेऊन दिली. १९३९ साली तिला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळालेला होता. ती त्यानंतर कोणाला दिसलेली नाही. नियम मोडून तलवारी पुरून ठेवणारेही होते. या कुळाने नियम पाळला, आणि तलवार गेली.

या वेळी होन्मा जुन्जी आणि सातो कान्इची या दोन अभ्यासकांनी जे केले ते वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. त्यांनी अमेरिकी आठव्या सेनेच्या कॅडवेल या अधिकाऱ्याला पटवून दिले की तलवार ही शस्त्र नसून कलाकृती आहे. युक्तिवाद यशस्वी झाला. १९४६ च्या जूनमध्ये कलामूल्य असलेल्या तलवारी बाळगण्यास परवानगी देणारा हुकूम निघाला. तोक्योच्या आकाबाने येथील लष्करी डेपोत साठवलेल्या तलवारींतून सुमारे साडेपाच हजार वेचून १९४७ मध्ये उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयात हलवण्यात आल्या. १९४८ साली या दोघांच्या पुढाकाराने कलात्मक तलवारींच्या जतनासाठी संस्था स्थापन झाली. आकाबानेच्या तलवारींचे मालक बहुधा सापडले नाहीत, आणि १९९९ साली त्यांतल्या तीन हजारांहून अधिक देशभरच्या संग्रहालयांना वाटून देण्यात आल्या.

होन्मा आणि सातो यांचे उपकार कोणीही नाकारणार नाही. तथापि त्या युक्तिवादाची किंमत काय पडली, हेही विचारले पाहिजे. तलवार कलाकृती आहे हे खरे. ती शस्त्र नाही हे खरे नव्हते. अवघ्या काही महिन्यांपूर्वीपर्यंत चीनमध्ये आणि आग्नेय आशियात याच वस्तूने कैद्यांची मुंडकी उडवली जात होती. यासुकुनी देवळाच्या आवारात १९३३ पासून १९४५ पर्यंत परंपरागत रीतीने लष्करी अधिकाऱ्यांसाठी तलवारी घडत होत्या. त्या घडवणाऱ्यांची कारागिरी उत्तम होती. म्हणजे कला एका बाजूला आणि हिंसा दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी होऊ शकत नव्हती. वाचवण्यासाठी ती करावी लागली. आणि कायद्याने ती पक्की केली : आज जपानात परंपरागत घडणीच्या तलवारीचीच नोंदणी होते, युद्धकाळातल्या कारखानी तलवारीची होत नाही. ती घरात सापडली तर पोलिसांकडे देऊन नष्ट करावी लागते. मला या निवडीतले मर्म असे वाटते की जे सुंदर होते ते इतिहासातून सोडवून घेतले गेले, आणि जे कुरूप होते त्याच्याबरोबर साक्षही वितळली. त्या क्षणी दुसरा मार्ग होता असे मी म्हणत नाही. पण रक्षणासाठी केलेली व्याख्या पुढे समीक्षेची व्याख्या होऊन बसते, तेव्हा ती तपासून पाहण्याची जबाबदारी पुढच्या पिढीवर येते.

नोंदणीची पद्धत मात्र साधी आणि चांगली आहे. परवाना माणसाला नसतो, तलवारीला असतो. पोटमाळ्यावर आजोबांची तलवार सापडली की आधी पोलिसांना कळवायचे, मग प्रांताच्या शिक्षण मंडळापुढे तपासणीला न्यायची. पात्याची लांबी, वळण, खुंटीच्या भोकांची संख्या, कोरलेली अक्षरे हे सारे एका कागदावर उतरते, आणि तो कागद तलवारीबरोबर फिरतो. हात बदलला की नव्या मालकाने वीस दिवसांत कळवायचे. शस्त्रांची नोंद शिक्षण मंडळाने ठेवावी, यात त्या जुन्या युक्तिवादाचाच पडसाद आहे.

जतनाच्या दैनंदिन रीतीबद्दल थोडे. पाते ठेवायचे ते मॅग्नोलियाच्या जातीच्या होनोकी नावाच्या मऊ लाकडाच्या साध्या, बिनलाखेच्या म्यानात. या म्यानाचे दोन अर्धे भाताच्या खळीने चिकटवलेले असतात. मजबूत गोंद मुद्दाम टाळतात, कारण आत गंज शिरला तर म्यान उकलून साफ करता आले पाहिजे. नक्षीदार जुने म्यान आणि मूठ वेगळी ठेवतात, आत लाकडी पाते घालून. वरचेवर जुने तेल मऊ कागदाने पुसायचे, दगडाच्या बारीक भुकटीची पुरचुंडी हलकेच आपटायची, पुन्हा पुसायचे आणि लवंगतेलाचा अगदी पातळ हात द्यायचा. भुकटीचा अतिवापर पात्याला ओरखडे पाडतो, म्हणून अलीकडे अनेक संग्राहक तिच्याबाबत हात आखडता घेतात. खरी झिलई शिकलगारानेच करायची. तिच्यात दर वेळी थोडे पोलाद जाते, आणि बाहेरचा कठीण थर झिजला की आतले मऊ पोलाद वर येते. अशा पात्याला 'थकलेले' म्हणतात. फार प्रेम केल्यानेही तलवार संपते.

परदेशी गेलेल्यांपैकी थोड्या परत आल्या. कागोशिमाच्या तेरुकुनी देवळाची कुनिमुने या लोहाराची तलवार युद्धानंतर नाहीशी झाली होती. ती अमेरिकेतील वॉल्टर कॉम्प्टन या संग्राहकाच्या हाती लागली, आणि ती काय आहे हे कळल्यावर त्याने १९६३ साली मोबदला न घेता परत केली. आज ती पुन्हा राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंदलेली आहे. त्याचा उरलेला संग्रह १९९२ साली न्यूयॉर्कच्या लिलावात विखुरला. एकाच माणसाच्या वस्तूंचे हे दोन शेवट.

२०१५ साली जपानात एक संगणकीय खेळ निघाला. त्यात विख्यात तलवारी देखण्या तरुणांची रूपे घेऊन वावरतात. जाणत्यांनी नाके मुरडली. मीही मुरडली असती. पण त्या खेळापायी तरुण मुलींच्या रांगा संग्रहालयांपुढे लागल्या. त्याच सुमारास मितोच्या तोकुगावा संग्रहालयाकडे विचारणा होऊ लागली ती दाते मासामुने याच्याकडून त्या घराण्यात आलेल्या 'शोकुदाइकिरि मित्सुतादा' या तलवारीची. ती १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत जळाली होती आणि गेलीच असे बहुतेकांनी धरले होते. संग्रहालयाने ती टाकली नव्हती. धार नाही, झिलई नाही, धारेलगतची लाट नाही, असे ते काळे पडलेले पाते बाहेर काढून काचेत ठेवले गेले, आणि लोक दुरून येऊन त्याच्यासमोर उभे राहू लागले.