कळकलेले ताक आणि न कळकणारे दूध

पालघर, चिंचणी, तारापूर या गावांतल्या एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर चढले, तर बहुधा एक गोणपाटात बांधलेले गाठोडे सापडते. त्यात पितळेची पातेली, परात, एखादा तांब्याचा हंडा असतो. भांडी काळी पडलेली असतात, पण काठावर टोचून घातलेले नाव अजून वाचता येते. नावापुढे बहुतेक वेळा तारीखही असते. खाली स्वयंपाकघरात मांडणीवर स्टीलच्या डब्यांच्या रांगा असतात, आणि त्यांच्यावरही नावे नि तारखा असतात. पितळेवरची शेवटची तारीख आणि स्टीलवरची पहिली तारीख यांच्यामध्ये या घराच्या इतिहासातले एक मोठे स्थित्यंतर झालेले असते. ते कधी झाले हे घरातल्या माणसांना सांगता येत नाही. भांडी मात्र सांगतात.

हे स्थित्यंतर केवळ राहणीमानाचे नव्हते. त्यामुळे महाराष्ट्रातल्या लहान मुलांचा एक जीवघेणा आजार जवळजवळ नाहीसा झाला. त्याची हकीकत शिक्षकांना आणि मोठ्या विद्यार्थ्यांना सांगावी असे आम्हाला बरेच दिवस वाटत होते.

मराठीत ‘कळकणे’ असे एक क्रियापद आहे. पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात ताक, चिंचेची आमटी किंवा लोणचे राहिले की ते कळकते. त्याला हिरवट छटा येते, चव तुरट होते, जीभ आक्रसते. आंबट पदार्थातले आम्ल तांब्याशी संयोग पावते आणि तांब्याचे क्षार अन्नात उतरतात, हे त्यामागचे रसायनशास्त्र. ते ठाऊक नसतानाही आपल्या आजी-पणजींनी त्यावर उपाय केलेला होता. ताकाला मातीचे किंवा दगडीचे भांडे, लोणच्याला चिनी मातीची बरणी आणि रोजच्या पितळी भांड्यांना कल्हई.

कल्हईवाला दारात भाता लावून बसला की भोवती मुलांचा घोळका जमे. भांडे तापवायचे, त्यात नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर उठला की कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने कथील सर्वत्र फिरवायचे. एका क्षणात पिवळे भांडे आतून चांदीसारखे होई. यातला नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापल्यावर त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते आणि ते भांड्यावरचा ऑक्साइडचा थर खाऊन टाकते. स्वच्छ झालेल्या धातूवर २३२ अंश सेल्सिअसला वितळणारे कथील सहज पसरते. कथील स्वतः फारसे अपायकारक नाही, आणि त्याचा थर अन्न व पितळ यांच्यामध्ये भिंतीसारखा उभा राहतो. मात्र कथील महाग आणि शिसे स्वस्त. कथलात शिसे मिसळले तर मिश्रण आणखी कमी तापमानाला वितळते आणि काम सोपे होते. म्हणजे तांबे टाळण्यासाठी केलेल्या कल्हईतूनच शिसे पोटात जाण्याची वाट उघडी राहत असे. शिशाची कल्हईही ताजी असताना तितकीच चकचकीत दिसते, ही त्यातली खरी अडचण.

आता दुधाकडे वळू. दूध आंबट नसते. पितळेच्या पातेल्यात तापवले आणि तसेच राहू दिले, तरी ते हिरवे होत नाही की तुरट लागत नाही. म्हणून दूध कळकत नाही, असाच सर्वांचा समज होता. घरच्या शहाणपणाची सारी राखण आंबट पदार्थांवर होती. दुधाच्या बाबतीत जिभेने कधीच इशारा दिला नाही. पातेल्याला कल्हई केलेली असली तरी तळाची खरवड उचटण्याने काढता काढता ती झिजून जाई.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून भारतातले डॉक्टर लहान मुलांच्या एका यकृतविकाराची नोंद करीत होते. कलकत्त्यात १८८७ साली त्याचे वर्णन झाले. पुढे त्याला ‘भारतीय बालयकृतकाठिण्य’ अशा अर्थाचे नावच पडले. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतचे मूल चिडचिडे होई, त्याचे पोट फुगे, यकृत हाताला टणक लागे आणि बहुतेक मुले काही महिन्यांत दगावत. एकाच घरातली दोन-दोन मुले जात. आश्चर्य म्हणजे हा अगदी गरिबांचा आजार नव्हता. तो खेड्यांतल्या नि लहान गावांतल्या, खाऊनपिऊन सुखी अशा घरांत अधिक दिसे. कुपोषण, विषाणू, धान्यावरची बुरशी, आनुवंशिक दोष अशी नाना कारणे सुचवली गेली आणि एकेक मागे पडली.

१९७८-७९ च्या सुमारास लंडनमधल्या संशोधकांनी या मुलांच्या यकृताचे नमुने तपासले, तेव्हा त्यांत तांब्याचा प्रचंड साठा दिसला. मोठ्या निरोगी माणसाच्या यकृतात, वाळवून वजन केले असता, दर ग्रॅमला साधारण ५० मायक्रोग्रॅमपर्यंत तांबे असते. या मुलांत ते हजाराच्या वर जाई. प्रश्न असा की, इतके तांबे आले कोठून?

उत्तर पुण्यात मिळाले. तेथल्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी आजारी मुलांच्या घरी काय खाऊ-पिऊ घालतात, कशात शिजवतात, याची बारकाईने चौकशी केली. त्यांचा निबंध १९८३ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. अंगावरचे दूध लवकर थांबवून किंवा त्याच्या जोडीला गाई-म्हशीचे दूध लवकर सुरू केलेले, आणि ते दूध पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यात तापवलेले व ठेवलेले, असा धागा त्यातून पुढे आला. निरोगी मुलांच्या घरांशी तुलना करून १९८७ साली त्यांनी तो अधिक पक्का केला. दूध पितळेतून तांबे चांगलेच ओढून घेते, हे १९८९ च्या प्रयोगांनी दाखवले. दुधातले केसिन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवते. म्हणून रंग नाही, चव नाही, आणि तांबे मात्र आहे.

तान्ह्या मुलाचे यकृत जन्मतःच तांब्याने भरलेले असते आणि पित्तावाटे ते बाहेर टाकण्याची शक्ती अजून कच्ची असते. आईच्या दुधात तांबे अगदी थोडे, म्हणून निसर्गाचा हिशेब जमतो. पितळी पातेल्यातल्या दुधाने तो बिघडला. गरिबाघरी दूध विकत आणण्याची ऐपत नसे, मूल जास्त दिवस अंगावर पीत असे आणि भांडी मातीची किंवा जर्मनची असत. रोग मध्यम स्थितीच्या घरांत का, याचा उलगडा असा लागतो.

अर्थात एकाच घरात त्याच पातेल्यातले दूध पिऊन एक मूल आजारी पडे आणि दुसरे नाही. म्हणून काही मुलांत जन्मजात दुर्बलता असावी असे मानले जाते. तांबे हेच एकमेव कारण का, यावर वैद्यकशास्त्रात वादही झाला. पण १९९६ साली ऑस्ट्रियातल्या टिरोल भागातून आलेल्या माहितीने तांब्याच्या बाजूला मोठे वजन पडले. तेथे १९०० ते १९७४ या काळात १३८ तान्ही मुले अशाच यकृतविकाराने दगावली होती. त्यांना दिले जाणारे गाईचे दूध कल्हई न केलेल्या तांब्याच्या भांड्यात उकळत. भांडी बदलली आणि रोग संपला.

आपल्याकडेही तसेच घडले. पुण्याच्या डॉक्टरांनी खेड्यापाड्यांतल्या आयांना दुधाचे पातेले बदलायला सांगितले, पेनिसिलामाइन या औषधाने लवकर आलेली काही मुले वाचवली. पण सर्वांत मोठे काम केले ते स्टीलने. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी बोहारीण, रुखवतात मांडलेला स्टीलचा संसार, भाईंदरच्या गाळ्यांत ठोकले जाणारे डबे नि ताटे, यांनी दोनेक दशकांत पितळेला माळ्यावर पाठवले. कोणाच्याही मनात यकृताचा विचार नव्हता. स्टील स्वस्त पडत होते, हलके होते आणि त्याला कल्हई लागत नव्हती.

कल्हई का लागत नाही? स्टीलमध्ये लोखंडाबरोबर क्रोमियम असते. भांड्यांच्या नेहमीच्या स्टीलमध्ये ते सुमारे १८ टक्के असते आणि बहुधा ८ टक्क्यांच्या आसपास निकेल. हवा लागताच पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो. तो ओरखडला तरी पुन्हा आपोआप धरतो. स्टील आपली कल्हई स्वतःच करून घेते, असे वर्गात सांगितले तर मुलांना चटकन कळते.

येथून आपल्याला बोईसरला उतरावे लागते. तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ साली सुरू झाले आणि नंतर बोईसर स्टेशनाजवळ तारापूर औद्योगिक वसाहत उभी राहिली. औषधे, रंग, रसायने यांच्याबरोबर पोलाद आणि स्टेनलेस स्टील घडवणारे कारखानेही तेथे आले. आपल्या घरचा डबा याच वसाहतीतल्या पोलादाचा आहे असा आमचा दावा नाही. पण तप्त स्टीलवर जी काळी खपली धरते, ती घालवण्यासाठी स्टील सहसा नायट्रिक व हायड्रोफ्लोरिक आम्लात बुडवतात. त्या आम्लात लोखंड, क्रोमियम आणि निकेल विरघळून राहतात. डब्याच्या आत न उतरणारा धातू कारखान्याच्या सांडपाण्यात उतरलेला असतो.

सेंद्रिय घाण जिवाणू खातात. धातू कोणी खात नाही. चुन्याने आम्ल मारले की धातू गाळ होऊन खाली बसतो; तो गाळ वेगळा काढून सुरक्षित भूमीत पुरावा लागतो. गाळ वेगळा काढण्याचे काम प्रत्येक कारखान्याने आपल्या आवारातच करायचे असते, कारण सामुदायिक प्रक्रिया केंद्र मुख्यतः सेंद्रिय घाणीसाठी असते. ही पायरी चुकवली तर धातू पुढे जातो. वसाहतीतले सांडपाणी नवापूरच्या किनाऱ्यावर समुद्रात सोडले जात आले आहे. नवापूर, दांडी, उच्छेळी, आलेवाडी, नांदगाव, मुरबे ही सारी मासेमारीची गावे. धातू चिखलात बसतो, आणि कालवे व शिंपल्या तर पाणी गाळूनच जगतात. जपानमधल्या मिनामाता गावात १९५६ साली उघड झालेला पाऱ्याचा आजार असाच मासळीतून घराघरांत पोचला होता.

तारापूरच्या पाण्याबद्दल अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात देशातल्या शंभर औद्योगिक परिसरांत तारापूर ९३.६९ गुणांनी सर्वांत वर होते. (हा आकडा हवा, पाणी व जमीन मिळून आहे, धातूंचा नव्हे, हे वर्गात सांगताना विसरू नये.) जानेवारी २०२२ मध्ये लवादाने शंभराहून अधिक कारखान्यांना आणि प्रक्रिया केंद्राला पर्यावरणीय भरपाई भरण्यास सांगितले. दुधाचे पातेले एका घराला एका दिवसात बदलता आले. खाडी बदलता येत नाही. आणि खाडीतली मासळीही, दुधासारखीच, कळकत नाही.

इतर वाटांबद्दल थोडक्यात. शिसेयुक्त पेट्रोल देशात २००० साली बंद झाले. घरगुती रंगांतल्या शिशाला दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा घालणारा नियम २०१६ साली निघाला. त्याआधीच्या रंगांचे पापुद्रे मात्र जुन्या खिडक्यांवर आहेत, आणि ते घासण्यापूर्वी ओले करावेत. पिवळाधमक दिसावा म्हणून हळदीत लेड क्रोमेट मिसळण्याचे प्रकार घडलेले आहेत.

आणि पितळ? ते आता शोभा म्हणून, ‘पारंपरिक’ म्हणून माळ्यावरून पुन्हा खाली येऊ लागले आहे. त्याला आमची हरकत नाही. भात शिजवावा, पाणी भरावे. पण कल्हई करून घ्यावी, ती शुद्ध कथलाची आहे का हे विचारावे, आणि तान्ह्याचे दूध त्यात तापवू नये.

विद्यार्थ्यांना एक काम देता येईल. प्रत्येकाने आपल्या घरातल्या दहा भांड्यांवरच्या तारखा नि धातू टिपून आणावेत आणि वर्गाने त्यांचा आलेख काढावा. पितळेची रेघ कोणत्या सालाच्या आसपास खाली येते ते पाहावे. त्याच सुमारास आपल्या गावात पोट फुगून लहान मुले जात असत का, हे घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारावे. मात्र हळूच विचारावे, कारण काहींच्या बाबतीत ते त्यांचेच मूल असेल.