दोनदा जळलेले खोपट

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागात, न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया या दोन राज्यांत पसरलेल्या पर्वतरांगेला तेथील लोक आल्प्स म्हणतात. युरोपातील आल्प्सची सुळक्यांसारखी शिखरे मात्र तेथे नाहीत. कोशियुस्को हे सर्वांत उंच शिखरही २२२८ मीटरांचेच. हिवाळ्यात बर्फाखाली आणि उन्हाळ्यात गवताखाली असणारी विस्तीर्ण पठारे हे त्या प्रदेशाचे खरे रूप. या पठारांवर कोसाकोसाच्या अंतराने लाकडाची आणि पत्र्याची खोपटी विखुरलेली आहेत. एक खोली, एक दार, एका भिंतीत भलेमोठे धुराडे. वास्तुकलेच्या इतिहासात ज्यांना एक ओळही मिळू नये अशा या वास्तू. पण त्यांच्यासाठी गेली पन्नासहून अधिक वर्षे माणसे सुट्टीच्या दिवशी खांद्यावर करवत घेऊन डोंगर चढत आहेत.

ही खोपटी कोणा एकाची नव्हेत. एकोणिसाव्या शतकात उन्हाळ्याच्या चराईसाठी गुरे आणि मेंढ्या वर नेणाऱ्या पशुपालकांनी काही उभारली. १८५९ च्या अखेरीस कियांड्रा येथे सोने सापडले आणि खाणकामगारांची रीघ लागली. सोने लवकरच ओसरले, तरी काही हट्टी माणसे मागे राहिली. त्यांच्यातला शेवटला म्हणून ओळखला जाणारा बॉब ह्यूज याने १९३७ मध्ये ‘फोर माइल’ हे आपले चिमुकले खोपट बांधले. पुढे बर्फावर घसरण्याचा छंद असलेले आले, आणि १९४९ पासून स्नोई नदीच्या जलविद्युत योजनेचे कर्मचारी आले. ज्याला जे मिळाले त्याने ते वापरले. ॲशच्या सरळ खोडात पाचरी ठोकून जाड फळ्या काढायच्या, वाकसाने तासायच्या आणि उभ्या रोवायच्या. छपराला पन्हळी पत्रा. रॉकेलचे रिकामे डबे कापून, ठोकून सपाट केले की भिंतीची भोके बुजत. वाऱ्याला अडवायला आतून जुनी वर्तमानपत्रे खळीने चिकटवायची.

या साऱ्या मंडळींच्या फार आधीपासून न्गारिगो, वोल्गल आदी मूळ रहिवासी उन्हाळ्यात या उंचीवर येत, खडकांच्या कपारींत लक्षावधींनी विसावणारे बोगाँग पतंग भाजून खात. त्यांच्या वस्तीचा काळ हजारो वर्षांचा, खोपट्यांचा जेमतेम पावणेदोनशे. कियांड्राजवळच्या एका खोपट्याला ‘वोल्गल’ हे नाव होते. ज्यांच्या भूमीवर ते उभे होते, त्यांचा तेथे उरलेला उल्लेख बहुधा तेवढाच.

१९४४ मध्ये हा प्रदेश संरक्षित झाला आणि १९६७ मध्ये राष्ट्रीय उद्यान. गुरांच्या खुरांनी मृदा धुपते, म्हणून चराई आधी उंचावरून आणि मग सर्वत्र थांबवण्यात आली. निर्णय योग्यच होता; कोवळ्या गवतासाठी दरसाल रान पेटवणारे पशुपालक त्या भूमीचे फार मोठे हितकर्ते नव्हते. पण गुरे गेली तशी खोपटीही बेवारस झाली. निर्मनुष्य निसर्ग हाच ज्यांचा आदर्श, त्यांना ती अतिक्रमणे वाटत. अशा वेळी, १९७० मध्ये, कोशियुस्को हट्स असोसिएशन ही स्वयंसेवकांची संस्था निघाली. एकेका खोपट्याचे पालकत्व एखाद्या पदभ्रमण मंडळाने किंवा कुटुंबाने घ्यावे, असा तिचा साधा क्रम. छपराचा उडालेला पत्रा, कुजलेला खांब, ढासळलेले धुराडे: वर्षानुवर्षे एवढेच काम.

जानेवारी २००३ मध्ये, दीर्घ अवर्षणानंतर, विजा पडून डोंगरभर वणवे लागले. १८ तारखेला त्यांतील ज्वाळा कॅनबेरा या राजधानीच्या उपनगरांत शिरल्या. चार माणसे दगावली, सुमारे पाचशे घरे गेली. त्या हानीपुढे डोंगरातल्या खोपट्यांचा शोक करणे अनेकांना संकोचाचे वाटले असेल. पण राख निवल्यावर प्रश्न आलाच. जे उरलेच नाही त्याची डागडुजी कशी करणार? आणि नवे बांधले तर ते ऐतिहासिक कसे?

ऑस्ट्रेलियात वारसावास्तूंचे काम १९७९ च्या ‘बर्रा सनदे’नुसार चालते. आवश्यक तितका, पण कमीत कमी बदल, हे तिचे सूत्र. पुनर्रचना करायचीच तर पुरेसा पुरावा हवा, आणि बारकाईने पाहणाऱ्याला नवे ते नवे म्हणून ओळखता यावे. अभ्यासकांची ही सावधगिरी रास्त आहे. आपल्याकडचा ‘जीर्णोद्धार’ हा शब्द मात्र दगड जुना की नवा असे विचारीत नाही. स्थान तेच, उपयोग तोच, मग वास्तूही तीच मानतो. स्वयंसेवकांचे मन, त्यांना हा शब्द ठाऊक नसूनही, याच बाजूला झुकलेले दिसते. जुन्या छायाचित्रांवरून आणि मोजमापांवरून त्यांनी काही खोपटी पुन्हा उभारली. सगळी मात्र उभी राहिली नाहीत. काही ठिकाणी धुराड्याचे दगड तेवढे आहेत.

या वादाची गंमत व्हिक्टोरियातील ‘क्रेग्ज हट’ने वाढवली. बॅंजो पॅटर्सन याच्या १८९० च्या प्रसिद्ध कवितेवरून १९८२ मध्ये ‘द मॅन फ्रॉम स्नोई रिव्हर’ हा चित्रपट आला. हे खोपट म्हणजे त्याचा देखावा. त्यात कोणी गुराखी कधी राहिला नव्हता. डिसेंबर २००६ च्या वणव्यात ते जळाले तेव्हा लोक हळहळले, आणि ते पुन्हा बांधले गेले. याला कोणी भाबडेपणा म्हणेल. मला त्यात एवढेच दिसते की, लोक ज्याला इतिहास मानतात त्यातील बराचसा भाग कवितेने आणि चित्रपटाने त्यांच्या हाती दिलेला असतो, आणि तोही त्यांना हरवू द्यायचा नसतो.

पुढचा आघात अधिक क्रूर होता. जानेवारी २०२० च्या आरंभी पुन्हा वणवा आला. ह्यूजचे ‘फोर माइल’ गेले, ‘वोल्गल’ गेले, कियांड्राचे जुने न्यायालय गेले. महामार्गालगतचे ‘डेलनीज हट’ही गेले, २००३ मध्ये जळून नव्याने बांधलेल्या खोपट्यांपैकी ते एक. आपल्याच हातांनी बसवलेल्या फळ्यांची राख पाहणे वारशाच्या कोणत्याही सनदेत बसत नाही. या वेळी पुरावा शोधावा लागला नाही. तो मागच्या वेळी काम केलेल्यांच्या हातांत होता. उद्यानाचे कर्मचारी आणि असोसिएशनचे स्वयंसेवक पुन्हा कामाला लागले. कुऱ्हाड आणि वाकस धरायला शिकलेली जुनी माणसे नव्यांना फळी कशी फुटते, खोडाचा पीळ कसा ओळखावा, हे दाखवू लागली. ‘डेलनीज’ तिसऱ्यांदा उभे राहिले, ‘फोर माइल’ही.

कोशियुस्कोच्या वाटेवर ‘सीमन्स हट’ नावाचे दगडी खोपट आहे. १९२८ मध्ये हिमवादळात लॉरी सीमन आणि इव्हन हेज हे दोन तरुण मरण पावले. पुन्हा कोणावर ती वेळ येऊ नये म्हणून सीमनच्या आईवडिलांच्या देणगीतून ते १९२९ मध्ये बांधले गेले. या पठारांवरचा एक जुना रिवाज सर्वच खोपट्यांत पाळला जातो. निघण्यापूर्वी शेकोटी पुरती विझवायची, धुराड्याजवळ कोरडी लाकडे रचून ठेवायची, आणि दाराचा अडसर नीट लावायचा. मागून येणारा कोण असेल आणि कोणत्या हवेत येईल, हे सांगता येत नाही.