जुन्या ट्रॅक्टरला पॉवर स्टिअरिंग बसवताना

साध्या स्टिअरिंगच्या जुन्या ट्रॅक्टरवर दिवसभर चिखलणी करणे किंवा द्राक्षबागेत प्रत्येक ओळीच्या टोकाला वळणे म्हणजे खांदे-मनगटांची कसोटी. पुढे लोडर बसवला असेल तर जागेवर चाक वळवणेही अवघड होते. अशा ट्रॅक्टरला पॉवर स्टिअरिंग बसवता येते. मात्र हे काम थेट सुरक्षेशी निगडित असल्याने निर्णय घेण्यापूर्वी पुढील बाबी पाहाव्यात.

आधी तपासा: स्टिअरिंग जड का झाले?

अनेकदा दोष दुरुस्तीने जातो, पॉवर स्टिअरिंगची गरजच पडत नाही. पुढचा ॲक्सल जॅकवर उचलून मागच्या चाकांना अडण लावावी आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवावे.

- चाके उचललेली असतानाही जड लागत असेल, तर ड्रॅग लिंक सोडवून पुन्हा फिरवावे. तरीही जड असेल तर दोष स्टिअरिंग बॉक्समध्ये आहे: तेल कमी, बेअरिंग झिजलेले किंवा समायोजन जास्त आवळलेले.
- ड्रॅग लिंक सोडवल्यावर स्टिअरिंग हलके झाले, तर किंग पिन, बुश, थ्रस्ट बेअरिंग आणि बॉल जॉइंट तपासावेत. बहुतेक वेळा ग्रीस पोहोचलेले नसते.
- चाके उचलल्यावर हलके आणि जमिनीवर जड असेल, तर टायरमधील हवा, टो-इन आणि पुढचा भार पाहावा.

झिजलेल्या सांध्यांवर पॉवर स्टिअरिंग बसवू नये. हायड्रॉलिकचा जोर चालकाला झीज जाणवू देत नाही, मात्र झीज वेगाने वाढवतो.

दोन प्रकार

पहिल्या प्रकारात जुना स्टिअरिंग बॉक्स तसाच राहतो व सिलिंडर फक्त मदत करतो. तेलाचा दाब गेला तरी चाकांशी यांत्रिक जोड टिकते. दुसरा प्रकार हायड्रोस्टॅटिक. यात स्टिअरिंगखाली ऑर्बिट्रोल युनिट आणि पुढच्या ॲक्सलवर सिलिंडर असतो, मध्ये फक्त तेलाचे पाइप असतात. बसवायला हा सोपा. इंजिन बंद पडले तरी योग्य युनिटमध्ये हाताने वळवता येते, पण जोर खूप लागतो. पाइप फुटला तर मात्र स्टिअरिंग हातात राहत नाही. म्हणून पाइपच्या दर्जात काटकसर करू नये.

माप जुळणे महत्त्वाचे

सिलिंडर, युनिट आणि पंप एकमेकांना जुळले पाहिजेत. उदाहरणार्थ, दोन्ही बाजूंना रॉड असलेला सिलिंडर घेऊ. बोअर ५० मिमी, रॉड २५ मिमी आणि स्ट्रोक २०० मिमी असेल, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्यास सुमारे २९५ घन सेंमी तेल लागते. युनिट प्रति फेरा ८० घन सेंमीचे असल्यास स्टिअरिंगचे सुमारे पावणेचार फेरे होतात. युनिट लहान घेतले तर फेरे वाढतात. मोठे घेतले तर इंजिन बंद असताना वळवणे अधिक जड जाते.

सेकंदाला एक फेरा मारायचा असेल तर या युनिटला मिनिटाला ४.८ लिटर तेल लागते. इंजिनाच्याच वेगाने फिरणारा ८ घन सेंमीचा पंप ७०० फेऱ्यांच्या आयडलला ५.६ लिटर देतो. गळती वजा जाता ते जेमतेम पुरते. पंप याहून लहान असेल तर नेमके कमी वेगात, बांधावर वळताना स्टिअरिंग अडकते.

लिफ्टच्या पंपावर जोडावे का?

शक्यतो नाही. लिफ्ट उचलताना तेल तिकडे गेले तर स्टिअरिंग जड होते. जोडायचेच असेल तर स्टिअरिंगला आधी तेल देणारा प्रायॉरिटी व्हॉल्व्ह हवाच. मॅसी फर्ग्युसन ३५ सारख्या बांधणीत लिफ्टचा पंप पीटीओच्या शाफ्टवर चालतो. तिथे क्लच पूर्ण दाबला की पंप थांबतो, म्हणजे क्लच दाबून वळताना पॉवर जाते. अशा ट्रॅक्टरला इंजिनावर चालणारा स्वतंत्र पंप, टाकी व फिल्टर बसवावा.

बसवताना

- त्याच मॉडेलचा पॉवर स्टिअरिंग प्रकार कंपनी विकत असेल तर तिचाच ॲक्सल, पंप व ब्रॅकेट घ्यावेत. ते बोल्टने जुळतात.
- स्टिअरिंग आर्म, स्पिंडल यांवर वेल्डिंग करू नये किंवा छिद्र पाडू नये.
- ॲक्सल मधल्या पिनवर पूर्ण झुकवून व चाके पूर्ण वळवून पाइप ताणला किंवा घासला जात नाही ना, हे पाहावे.
- सर्व नट कॉटर पिनने लॉक करावेत.
- पुढची चाके उचलून इंजिन आयडलला ठेवावे आणि स्टिअरिंग सावकाश दोन्ही टोकांपर्यंत अनेकदा फिरवावे. तेलातील फेस जाईपर्यंत हवा काढावी व तेल पुन्हा भरावे. पाइप उलटे जोडले असतील तर चाके उलट दिशेला वळतात; हे जमिनीवर उतरवण्यापूर्वीच तपासावे.

बसवल्यानंतर

स्टिअरिंग टोकाला नेऊन धरून ठेवू नये. रिलीफ व्हॉल्व्ह उघडून तेल तापते. पाइप, बेल्ट व तेलाची पातळी रोज पाहावी. गळती हाताने चाचपू नये. दाबाखालचे तेल कातडीत शिरते. पुठ्ठा धरून शोधावी.

उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. मागच्या ओढीने पुढचा भाग हलका झाला की चाके वळतात, पण ट्रॅक्टर वळत नाही. साध्या स्टिअरिंगमध्ये हा हलकेपणा हाताला कळतो, पॉवरमध्ये कळत नाही. ट्रॅक्टरच्या मोकळ्या वजनाच्या किमान २० टक्के भार पुढच्या ॲक्सलवर राहील इतकी वजने पुढे लावावीत.

कायद्याची बाजू

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ नुसार स्टिअरिंगमधील ढिलेपणा ३० अंशांपेक्षा जास्त नसावा. ४० सेंमी व्यासाच्या स्टिअरिंगच्या कडेवर हे अंतर सुमारे १० सेंमी भरते. वाहनातील बदलांबाबत मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ लागू होते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी परिवहन कार्यालय व विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी.

निर्णय कसा घ्यावा?

लोडर, चिखलणी किंवा बागेतील सततची वळणे असतील आणि इंजिन-गिअर चांगले असतील, तर खर्च सार्थकी लागतो. वर्षातून थोडेच तास नांगरणीला वापरल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरला नवे किंग पिन बुश, योग्य हवा व नियमित ग्रीस बहुधा पुरेसे ठरते.