नेरळमार्गे मुंबई

मुंबई बंदर पाहून ज्यांनी ज्यांनी लिहून ठेवले, ते बहुतेक सगळे बोटीतून उतरलेले. मारिया ग्रॅहॅम ही इंग्रज बाई 1809 साली मुंबईत आली. कार्ल्याची लेणी पाहायला ती पनवेलपर्यंत होडीने आणि पुढे खोपोलीवरून घाट चढून गेली. 1812 मध्ये तिचे पुस्तक निघाले. बिशप हेबर 1825 मध्ये त्याच वाटेने पुण्याला गेला. अशांच्या लिखाणात डोलकाठ्या असतात, भरती-ओहोटी असते, पालखीचे भोई असतात. खालापूरचा मुलूख म्हणजे मधला मुक्काम. त्याच्या उत्तरेला, भीमाशंकरच्या डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवर कशेळे नावाचे गाव आहे आणि तिथलीही माणसे मुंबईला जातात, हे त्यांना कळायचे काही कारण नव्हते.

आमच्याकडच्यांनी काही लिहिले नाही. रायगडातला जुना लिहिणारा म्हटला की वरसईचे विष्णुभट गोडसे आठवतात. ते 1857 साली घराबाहेर पडले ते मुंबईकडे पाठ फिरवून, ग्वाल्हेरकडे दक्षिणा मिळेल या आशेने. त्यामुळे कशेळ्याहून मुंबई कशी दिसली हे शोधायचे तर म्हाताऱ्या माणसांच्या गप्पा आणि विकलेला माल, एवढेच हाताशी उरते.

मी माहेरची पेणची. आमच्याकडे मुंबईला जाणे म्हणजे धरमतरची बोट, उलट्या करणारी भावंडे आणि भाऊचा धक्का. 17 जुलै 1947 ला रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेच्या वर माणसे गेली, तेव्हापासून आमची आजी बोटीत पाय ठेवताना देवाचे नाव घेई. लग्न होऊन कशेळ्यात आले, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवू लागले, तर इथल्या कोणाच्या बोलण्यात बोटच नाही. इथे मुंबई म्हणजे नेरळ स्टेशन. दोन-अडीच तास चालायचे, गाडी धरायची आणि मशीद बंदर नाहीतर भायखळ्याला उतरायचे. सासूबाईंनी उभ्या आयुष्यात मुंबईच्या कितीतरी खेपा केल्या, पण समुद्र पाहिला तो पन्नाशी उलटल्यावर. मला याचे फार नवल वाटे. त्यांना वाटत नसे. समुद्रावर काम काय होते त्यांचे?

आगगाडीच्या आधी वाट नदीच्या संगतीने जाई. आमची पेज नदी उल्हासला मिळते आणि उल्हास कल्याणच्या खाडीला. कल्याण हे मुंबईच्या कितीतरी आधीचे बंदर. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांचे शिलालेख आहेत, आणि पेरिप्लस या पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशी-पुस्तकातही त्याचे नाव आहे. घाटावरचा माल नाणेघाटाने उतरे, तसा आमच्या बाजूला भिवपुरीजवळच्या कुसूर घाटाने मावळातून उतरे. भिवपुरीचा दगडी तलाव सदाशिवरावभाऊंच्या पार्वतीबाईंनी बांधवला असे सांगतात. असा बांधीव तलाव गावापुरता कोणी बांधत नाही, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी बांधतात. भात, लाकूड, हिरडा बैलांवर किंवा गाडीने कल्याणला न्यायचा आणि तिथून पुढे मचव्याने.

ही घडी 12 मे 1856 ला मोडली. त्या दिवशी कल्याणच्या पुढे नेरळ-पळसदरीवरून खोपोलीपर्यंत गाडी सुरू झाली. बोरघाटाचा चढ पुरा व्हायला 14 मे 1863 उजाडले. मधली सात वर्षे पुण्याचा उतारू खोपोलीला उतरून घोड्यावर नाहीतर पालखीत बसून घाट चढे. इतिहासाची पुस्तके घाटाच्या बोगद्यांत रमतात आणि ते साहजिकच आहे. एका टप्प्याला बेचाळीस हजारांवर माणसे त्या कामावर होती. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्या आल्या वारला आणि त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, काम पुढे चालवले. पण घाट पुण्यासाठी होता. आमचे दिवस त्याआधीच पालटले होते, कारण मुंबईला लागेल ते आता खाडीला न जाता थेट वाघिणीत भरता येत होते.

मुंबईला लागत काय होते? पहिल्यांदा गवत.

हे आज कोणाला पटत नाही. पण 9 मे 1874 ला मुंबईत ट्राम सुरू झाली ती घोड्यांची. सुरुवातीला नऊशेच्या आसपास घोडे होते, आणि 1905 साली घोड्यांची ट्राम बंद झाली तेव्हा कंपनीच्या तबेल्यांत 1,360 घोडे होते. त्यात व्हिक्टोरियांचे घोडे धरा, शेटसावकारांच्या बग्ग्या धरा, गोदीतल्या मालाच्या खटाऱ्यांचे बैल धरा, दुधाच्या तबेल्यांतल्या म्हशी धरा. हे सगळे तोंड चालवायला बसलेले आणि बेटावर कुरण नाही. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर लाकडाला लकडी बंदर, धान्याला दाणा बंदर, तसे गवताला 'हे बंदर' होते, इंग्रजीत 'हे' म्हणजे वाळलेले गवत. आमच्याकडची वरकस जमीन भाताला निरुपयोगी, पण दसऱ्यानंतर तिच्यावर कमरेइतके गवत उभे असते. ठाकरवाड्यांतली माणसे कापणीला लागत. कापलेले दोन दिवस वाळवायचे, पेंढ्या बांधायच्या, गंजी रचायची, मग बैलगाडीने स्टेशनाजवळच्या वखारीत. तिथे दाबाखाली घालून गासडी बांधली की वजन तेवढेच आणि आकार चौथाईला येई. वाळलेल्या गवताचे कुसळ मानेत, बनियनमध्ये, डोळ्याच्या कडेला जाऊन बसते. संध्याकाळी खोबरेल लावून एकमेकांची कुसळे काढणे हा अजूनही त्या दिवसांतला घरोघरचा उद्योग आहे.

आमच्या घरात एक गोष्ट सांगतात. आजेसासऱ्यांचे वडील गवताच्या हिशेबासाठी एकदा स्वतः भायखळ्याला गेले. पैसे मिळेपर्यंत थांबावे लागले, म्हणून आपले गवत खाते तरी कोण ते पाहायला रस्त्यावर उभे राहिले. व्हीटीची इमारत तेव्हा नवी होती, 1888 साली पुरी झालेली. क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले होते. त्यांनी घरी येऊन यातले काही सांगितले नाही. सांगितले ते एवढेच, की घोडी हाडकुळी आहेत, पंधरा-वीस माणसे ओढतात आणि तोंडाला फेस येतो, तेव्हा पुढल्या साली भाव वाढवून मागायला हरकत नाही. प्रवासवर्णन म्हणून मला हे कमी वाटत नाही. पैशांत मात्र दलालाने कापाकापी केलीच, आणि भाव वाढवून मिळाला की नाही ते गोष्टीत येत नाही.

गवताच्या जोडीला कोळसा. मुंबईच्या चुली आणि इस्त्र्या लाकडी कोळशावर चालत आणि भट्ट्या लावत कातकरी. पूर्वी कात पाडणारी ही जमात, जंगलाचे कायदे आले तसा तो धंदा बसला. मग दिवाळीनंतर कोळशाच्या कंत्राटदाराकडून उचल घ्यायची आणि पावसाळ्यापर्यंत बायकापोरांसह भट्टीवर राहायचे. कोळसा मुंबईला पोचे, कातकरी क्वचितच. माझ्या वर्गातली कातकरी मुले दिवाळीच्या सुट्टीनंतर दिसेनाशी होत आणि वरून पत्र येई, पटावरील उपस्थिती का घटली? मुंबईच्या वैभवाबद्दल बोलताना हा हिशेब कोणी मांडत नाही. मला तो मांडावासा वाटतो, कारण हजेरीपट माझ्याकडे होता.

घोड्यांची गरज संपली तेव्हा मुंबईने दुसरे मागितले. टाटांनी घाटमाथ्यावर धरणे बांधली. खोपोलीचे वीजघर 1915 चे, आमचे भिवपुरीचे 1922 चे. ठोकरवाडीच्या धरणाचे पाणी नळांतून कड्यावरून खाली उतरते, वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांना जाते आणि वापरून झालेले पाणी पेज नदीत सुटते. त्यामुळे आमची नदी मे महिन्यातही वाहते आणि राजनाल्याच्या कालव्यावर उन्हाळी भात होतो. हे आमच्या पदरात पडले, नाकारत नाही. मात्र मनोऱ्यांखालच्या वाड्यांत दिवा यायला पुढे कित्येक वर्षे गेली.

हे मनोरे म्हणजे मुंबईची नस आहे हे पुरते ओळखले ते माथेरानच्या विठ्ठल लक्ष्मण कोतवालांनी. वकिली शिकलेला माणूस, माथेरानच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष होता. सावकाराच्या तावडीतून आदिवासी सुटावा म्हणून त्याने धान्याच्या पेढ्या काढल्या होत्या. 1942 मध्ये भाई कोतवालांच्या आझाद दस्ता या क्रांतिकारी टोळीने विजेचे मनोरे पाडले आणि मुंबईच्या कारखान्यांना झटका बसला. 2 जानेवारी 1943 च्या पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि त्यांचे साथी हिराजी पाटील पडले. कशेळ्यातून तो डोंगर दूर नाही.

पुढच्याच वर्षी, 14 एप्रिल 1944 ला, दुपारी चारनंतर व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन या बोटीचा स्फोट झाला. बोटीत चौदाशे टन दारूगोळा आणि शिवाय कापसाच्या गासड्या, असे भरताना कोणाला काही वाटले नसेल का? आवाज ऐंशी किलोमीटरपर्यंत गेला म्हणतात, आणि कशेळे सरळ रेषेत साठाच्या आतबाहेर आहे. आजेसासरे तेव्हा खळ्यावर होते. ढग नाही आणि गडगडले, म्हणून सगळ्यांनी आभाळाकडे पाहिले. दोन दिवसांनी गाड्या भरभरून माणसे येऊ लागली, कोणाच्या डोक्यावर पट्टी, कोणाच्या कडेवर पोर. गोदामांतले हजारो टन धान्य जळाले. मलबा उपसायला आठ हजारांवर माणसे लागली आणि ते काम सात महिने चालले.

धान्य जळाले ते वर्षच टंचाईचे होते. मुंबईत 1943 पासून रेशन लागले होते. पुढे 1960 नंतरच्या दशकात सरकारने भाताची एकाधिकार खरेदी सुरू केली आणि तांदूळ शहरात नेणे गुन्हा झाला, तेव्हा आमच्या बायकांनी नवाच धंदा उभा केला. सासूबाई त्यातल्या. धडप्याच्या लांब नळ्या शिवायच्या, त्यात बारीक तांदूळ भरायचा, नळी कमरेभोवती गुंडाळायची आणि वर नऊवारी चापूनचोपून नेसायची. शेजारीण पाठीमागून पाहून सांगे, "वयनी, डावीकडं फुगलंय." भरल्या अंगाने बाकावर बसता येत नाही, म्हणून दाराजवळच्या पट्टीला टेकून उभे राहायचे. कल्याणला झडती असे. एकीला पकडले की बाकीच्या गरोदरपणाच्या कळा काढत. परळला ठरलेली खानावळवाली होती. तिच्या मोरीत उभे राहून नळ्या रिकाम्या करायच्या, चहा प्यायचा, परतीच्या गाडीला लागायचे. एका खेपेला एका शिपायाने तांदूळही घेतला आणि वर चार आणेही. त्याला शिव्या देताना सासूबाईंचा आवाज म्हातारपणीही चढे. त्यांची मुंबई ही एवढी: कल्याणची धास्ती, परळचा जिना, मोरी, चहा.

शाळेची सहल घेऊन मी मुलांना मुंबईला नेई. राणीचा बाग, तारापोरवाला मत्स्यालय, शेवटी गेटवे. मी पेणची असल्याने समुद्र दाखवण्याची हौस मलाच जास्त. जानेवारीतली स्वच्छ सकाळ होती. एक ठाकराचा पोरगा कठड्याला टेकून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "बाई, पलीकडं तं डोंगरच हाय."

त्याचे बरोबर होते. मुंबईचे बंदर अरबी समुद्राकडे तोंड करून नाही. बोटी कुलाब्याला वळसा घालून आत येतात आणि पूर्वेच्या अंगाला लागतात. 1875 ची ससून गोदी, 1880 ची प्रिन्सेस, 1888 ची व्हिक्टोरिया, 1914 ची अलेक्झांड्रा, सगळ्या त्या बाजूला. समोर उरणचा डोंगर, त्यामागे कर्नाळ्याचा सुळका, ज्याला इंग्रज खलाशी फनेल हिल म्हणत आणि बंदरात शिरताना ज्याच्यावर नजर ठेवत. त्याच्याही मागे माथेरान आणि आम्ही. बोटीतून उतरणाऱ्याने शहराकडे पाहिले, त्याच्या पाठीमागे काय आहे ते त्याने पाहिले नाही. त्याच्या व्हिक्टोरियाचा घोडा काय खातो आणि चहा कशावर उकळतो, हे विचारायला तो आला नव्हता.

दसऱ्याच्या आदल्या रात्री आमच्या वाड्यांतल्या बायका अजून आपट्याची पाने, भाताच्या लोंब्या आणि रानझेंडू घेऊन दादरला जातात, पुलाखाली झोपतात, दुपारी परततात. पावसाच्या तोंडावर शेवळे, मग भारंगी, अशा रानभाज्या नेतात. बाकी पुष्कळ बदलले. 1989 च्या मे महिन्यात न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले आणि मुंबईच्या गोदीचे काम हळूहळू खाडी ओलांडून आमच्याच जिल्ह्यात आले. माझा एक भाचा उरणकडे कंटेनरच्या यार्डात सुपरवायझर आहे. चौकवरून पनवेल, तिथून पुढे, सगळे मोटारसायकलवर. नेरळ नाही, व्हीटी नाही, मशीद बंदर नाही. तिकडून समुद्र दिसतो का विचारले, तर म्हणाला, "मामी, असेल ना, कंटेनरच्या मागं. आमची एंट्री गेट नंबरपर्यंतच."