दोरीचा हिसका

होडीच्या पिछाडीला अडकवायच्या ‘आउटबोर्ड’ यंत्राचा इतिहास सांगणारे बहुधा वेगाचाच इतिहास सांगतात. किती अश्वशक्ती, किती मैल, कोणत्या शर्यतीत कोण पुढे गेले, याच्याच त्या कथा असतात. आम्हांला मात्र हा इतिहास एका साध्या प्रश्नाभोवती फिरताना दिसतो: दोरी ओढल्यावर यंत्र सुरू होते की नाही? वारा होडीला खडकांकडे लोटत असताना दहाव्या हिसक्यालाही न बोलणारे यंत्र म्हणजे काय, हे ज्याच्यावर बेतले त्यालाच ठाऊक.

या यंत्राचे जनकत्व सामान्यतः ओले एव्हिनरूड यांना दिले जाते. १८७७ साली नॉर्वेत जन्मलेला हा मुलगा पाचव्या वर्षी आईवडिलांबरोबर अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात आला. एका उन्हाळी सहलीत तो भावी पत्नी बेस हिच्यासाठी आइस्क्रीम आणायला सरोवरापलीकडे वल्हवत गेला, परत येईपर्यंत आइस्क्रीमचे पाणी झाले आणि त्यातून यंत्राची कल्पना सुचली, अशी कथा आहे. कथा गोड आहे. ती इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिच्यातले खरे किती हे शोधण्याचा कोणाला उत्साह उरलेला नाही. तसे पाहिले तर डेट्रॉइटच्या कॅमेरॉन वॉटरमन याने एव्हिनरूडच्या आधीच अशी यंत्रे विकावयास काढली होती. एव्हिनरूडचे यंत्र १९०९ मध्ये बाजारात आले. दीड अश्वशक्ती, वजन ६२ पौंड, किंमत ६२ डॉलर. बेसला पहिला नमुना कॉफी दळण्याच्या जात्यासारखा वाटला होता. पण जाहिरातीचा मजकूर तिनेच लिहिला आणि व्यवहाराची बाजूही तिनेच सांभाळली. स्कँडिनेव्हियाच्या मच्छीमारांनी हे यंत्र लवकर उचलले. सहलीसाठी सुचलेली वस्तू अशा रीतीने पोटापाण्याच्या कामी आली.

हे यंत्र सुरू करणे मात्र सोपे नव्हते. माथ्यावरच्या जड चक्राला एक मूठ असे. ती धरून चक्र गरकन फिरवायचे आणि हात तत्काळ मागे घ्यायचा. कारण यंत्र सुरू झाले की मूठही चक्राबरोबर गरगरू लागे. कित्येकांची बोटे तिने सोलून काढली. पुढे मुठीऐवजी चक्राला दोरी गुंडाळण्याची पद्धत रूढ झाली. ठिणगीसाठी बॅटरीऐवजी चक्राच्या पोटातच मॅग्नेटो बसू लागला. त्यामुळे बॅटरी बाळगण्याची कटकट गेली, पण नवी अडचण आली. मॅग्नेटोची ठिणगी चक्राच्या गतीवर अवलंबून असते. हिसका मंद पडला तर ठिणगीही मंद पडते. म्हणजे हिसका देणारा थकत जाई तसतसे यंत्र सुरू होण्याची शक्यताही घटत जाई!

बेसच्या प्रकृतीपायी एव्हिनरूडने १९१४ मध्ये कंपनीतील आपला वाटा विकला. १९२१ मध्ये तो ‘एल्टो’ हे हलके, ॲल्युमिनियमचे, दोन सिलिंडरांचे यंत्र घेऊन परतला. त्यात ठिणगी पुन्हा बॅटरीची होती, त्यामुळे चक्र थोडेसे फिरवले तरी काम भागे. १९३० च्या सुमारास विजेने सुरू होणारे आउटबोर्डही आले. परंतु सामान्य होडीवाल्याच्या हाती दोरीच राहिली.

या इतिहासातील सर्वांत बोलका प्रसंग १९३९ सालचा आहे. कार्ल कीकहेफर या तरुण अभियंत्याने विस्कॉन्सिनमधीलच सीडरबर्ग येथे एक दिवाळखोर कारखाना घेतला. त्याला दुग्धव्यवसायासाठी चुंबकीय उपकरणे बनवायची होती. होड्यांशी त्याला देणेघेणे नव्हते. कारखान्यात मात्र सुमारे ३०० आउटबोर्ड यंत्रे पडून होती. टपालाने माल विकणाऱ्या एका मोठ्या पेढीने ती सदोष म्हणून नाकारलेली होती. भंगारात घातली असती तरी कोणी दोष दिला नसता. पण कीकहेफरला पैशाची निकड होती. त्याने व त्याच्या कामगारांनी यंत्रे खोलली, सुधारली आणि त्याच पेढीला परत विकली. ती इतकी बरी चालली की पेढीने आणखी मागवली. पुढच्याच वर्षी ‘मर्क्युरी’ हे नाव जन्मास आले. कीकहेफर हा स्वभावाने अत्यंत तापट, कामगारांना धाकात ठेवणारा माणूस होता. त्याला आदर्श म्हणून पुढे करण्याची आमची इच्छा नाही. परंतु नाकारलेल्या यंत्राचा नेमका दोष शोधण्यातून एवढा मोठा उद्योग उभा राहिला, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे.

आपल्या वसई-अर्नाळ्याकडील मासेमारीच्या बोटींत बहुधा डिझेल इंजिन आतच बसवलेले असते, म्हणून आउटबोर्डशी आपला परिचय बेताचा आहे. गोव्याच्या आणि विशेषतः केरळच्या किनाऱ्यावर तसे नाही. १९८० च्या दशकात केरळात पारंपरिक होड्यांवर जपानी आउटबोर्ड झपाट्याने बसले आणि ते रॉकेलवर चालू लागले. थंड रॉकेलची वाफ सहज होत नाही, म्हणून यंत्र पेट्रोलवर सुरू करायचे, तापले की रॉकेलवर न्यायचे. बंद करण्यापूर्वी पुन्हा थोडे पेट्रोल पाजायचे, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये दुसऱ्या पहाटेसाठी पेट्रोलच उरते. आदल्या संध्याकाळी कोणी ही दक्षता विसरला, तर पहाटे त्याची होडी किनाऱ्यावर आणि शेजाऱ्याची समुद्रात.

एव्हिनरूड नावाची यंत्रे बनवणे २०२० मध्ये थांबले. जुनी यंत्रे मात्र हातोहात फिरत आहेत, आणि जुनी होडी घेणाऱ्याच्या वाट्याला हा सारा इतिहास एकदमच येतो. दोरी ओढून थकलेला माणूस प्रथम कार्ब्युरेटर खोलायला धावतो. आमच्या मते ते शेवटाकडचे काम होय. आधी सुरक्षेची दोरी स्विचला लावली आहे का, गिअर न्यूट्रलमध्ये आहे का, टाकीच्या झाकणावरील हवेचे छिद्र उघडे आहे का, नळीवरील रबरी फुगा दाबल्यावर घट्ट होतो का, हे पाहावे. फुगा मऊच राहिला तर कोठेतरी हवा शिरते आहे. मग प्लग काढावा. तो कोरडा असेल तर इंधन पोहोचत नाही. ओलाचिंब असेल तर एक तर चोक अती झाला, नाहीतर ठिणगी नाही. जुन्या मॅग्नेटोचे पॉइंट खाऱ्या हवेने गंजतात आणि ठिणगी हरवते, तेव्हा ते साफ करून पाहावेत. कित्येक महिने टाकीत राहिलेले पेट्रोल चिकट राळ सोडते आणि कार्ब्युरेटरची सुईएवढी छिद्रे बुजवते. ते इंधन काढून टाकल्यावाचून पुढची सारी खटपट व्यर्थ होय. हे सर्व ठीक असूनही यंत्र बोलत नसेल, तर सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. एका सिलिंडरचा आकडा दुसऱ्यापेक्षा बराच खाली असेल तर खर्च मोठा आहे.

आणि व्यवहार ठरवायला जाल तेव्हा दोरीला हात लावण्यापूर्वी इंजिनाला हात लावून पाहा. ते कोमट लागले, तर विकणाऱ्याने तुम्ही येण्याआधीच ते एकदा सुरू करून ठेवले आहे. अशा वेळी चहा घ्यावा, गप्पा माराव्यात आणि ते पुरते थंड होईपर्यंत तेथून हलू नये.