शुक्रवार की मंगळवार?

आमचे लकडगंज म्हणजे आरागिरण्यांची आणि लाकडाच्या वखारींची वस्ती. इथे वर्ष एकदाच सुरू होत नाही. गुढी उभारली की शके बदलते, गुजराती व्यापारी दिवाळीत वहीपूजन करून नवे विक्रम संवत धरतात आणि हिशेबनिसाचे वर्ष 1 एप्रिलला उजाडते. अशा वस्तीत वाढलेला माझा पुतण्याही एकदा तारखेच्या बाबतीत फसला.

तो पायथन ही संगणकाची भाषा नुकतीच शिकू लागला होता. तारीख दिली की वार सांगणारा छोटासा प्रोग्राम त्याने लिहिला. मी म्हटले, "शिवरायांची जन्मतारीख घाल." 19 फेब्रुवारी 1630. उत्तर आले, मंगळवार! लोकमान्य टिळकांनी 1916 मध्ये उजेडात आणलेल्या जेधे शकावलीत मात्र शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद आहे. "मग काका, शकावलीच चुकली असणार," तो म्हणाला.

चूक दोघांचीही नव्हती. जुने ज्युलियन वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे 11 मिनिटांनी मोठे. साचलेला फरक काढण्यासाठी पोप तेरावे ग्रेगरी यांनी 1582 मध्ये दहा दिवस गाळले. इंग्लंडने ही सुधारणा 1752 मध्ये स्वीकारली. तिथे 2 सप्टेंबर, बुधवारनंतर 14 सप्टेंबर, गुरुवार आला. तारखा गळल्या, पण वारांची साखळी तुटली नाही. म्हणूनच जुन्या कागदातला वार हा संशोधकाचा भरवशाचा साक्षीदार.

शिवजन्माची 19 फेब्रुवारी ही तारीख ज्युलियन पद्धतीची आहे. पायथन मात्र ग्रेगोरियन पद्धतच मागे इसवी सन 1 पर्यंत लावते. त्या हिशेबाने तो दिवस 1 मार्च 1630. ती तारीख घातली आणि शुक्रवार आला.

दुसरी खोच शकाची. शकात 78 मिळवले की इसवी सन मिळतो, असे आपण शिकतो. पण 1551 अधिक 78 म्हणजे 1629! सन जानेवारीत बदलतो, शक चैत्रात. म्हणून 1 जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत 79 मिळवावे लागतात.

दहा दिवसांचा हा फरक ठाऊक नसता, तर एका अस्सल नोंदीवर नाहक संशय आला असता. पुतण्याने आता प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली आहे. तारीख विचारण्याआधी तो विचारतो, "कोणत्या कालगणनेतली?"