जालन्याचं बियाणं आणि सचोटीचा व्यापार



'जालना सोने का पालना' हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आज त्यातलं बरंचसं सोनं बियाण्याच्या पाकिटात असतं.

१९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजे आपली 'महिको', सुरू केली. शेतकऱ्याचं शेत हाच तिचा कारखाना. कंपनीनं मूळ बी द्यायचं, शेतकऱ्यानं प्लॉट करायचा आणि तयार बी कंपनीनं घ्यायचं. कॉमर्सच्या पुस्तकातली पुरवठा साखळी ती हीच.

या साखळीची पहिली कडी बहुतेक बायकांच्या हातात असते. कपाशीच्या प्लॉटवर संध्याकाळी कळीतले पुंकेसर हातानं काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचे परागकण त्या फुलाला लावायचे. यालाच 'क्रॉसिंग' म्हणतात. एकेक फूल असं हाताळावं लागतं.

१९९८ साली बारवाले यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. त्याच वर्षी अमेरिकेच्या मोन्सँटोनं महिकोत २६ टक्के भाग घेतला आणि २००२ साली देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. परदेशी तंत्रामुळे बोंडअळीला काही वर्षं आळा बसला, पण ४५० ग्रॅमचं पाकीट सुरुवातीला सुमारे १६०० रुपयांना पडे, कारण त्यात तंत्राची रॉयल्टीही होती. पुढे २०१५ साली केंद्र सरकारनं कपाशीच्या बियाण्याची किंमत नियंत्रणात आणली. २०१७ साली तर मराठवाड्यात आणि विदर्भात गुलाबी बोंडअळीनं बीटी कपाशीही पोखरली. जगाच्या बाजारात जाताना फायदा येतो, तसं परावलंबनही येतं.

साडी आपण हात लावून पारखतो, धान्य दाताखाली धरून बघतो. बियाण्याचं तसं नाही. खरंखोटं कळायला दोन-तीन महिने जातात, आणि तोवर हंगाम हातचा गेलेला असतो. म्हणून या धंद्यात सगळ्यात मोठं भांडवल विश्वासाचं.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे अतिचार सांगितले आहेत. खोटं वजनमाप हा त्यातला एक, आणि 'प्रतिरूपक व्यवहार', म्हणजे चांगल्यात हलकं मिसळून विकणं, हा दुसरा. भेसळीचं बी विकणारा शेतकऱ्याचं अख्खं वर्ष चोरतो. आपल्या कित्येक घरांत दुकानं आहेत. गल्ल्यावर मुलं-सुना बसतात, तेव्हा नफ्याच्या हिशोबाआधी हा हिशोब त्यांना शिकवायचं काम आपलंच आहे.